सुटका आणि स्वातंत्र्य

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सव समितीची आज्ञा झाली म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे. विषय दिला आहे, 'जीवन, स्वातंत्र्य आणि सुख'. यांतील एकेका शब्दावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. मी ग्रंथकार नव्हे, प्रवचनकारही नव्हे. माझे आयुष्य सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिण्यात गेले. ज्या जागी कीर्तनकार उभे राहतात त्या जागी कारकुनाने उभे राहावे, हा थोडासा अतिप्रसंगच आहे. परंतु देवाच्या दारी साध्या सेवेकऱ्यालाही दोन शब्द बोलण्याची मुभा असते, या विश्वासाने मी धीर केला आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडे आहे. सुटका म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, एवढेच ते आहे. सुटका एका दिवसात होऊ शकते; स्वातंत्र्यासाठी माणसाला आपला स्वभाव पालटावा लागतो, आणि त्याला कधी कधी उभा जन्म पुरत नाही. हे विधान मी तीन ठिकाणी पडताळून पाहणार आहे. पहिले ठिकाण आपल्या देवस्थानांचा इतिहास, दुसरे प्राचीन रोममधील एका गुलामाचे चरित्र, आणि तिसरे माझ्या स्वतःच्या टेबलाचा खण.

आपण ज्या चौकात बसलो आहोत ते आपल्या देवतेचे मूळ स्थान नव्हे, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, आणि १५६६-६७ च्या सुमारास तीच पाळी साष्टीवर आली. मध्यंतरी १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात येऊन बसले होते. त्या काळात आपल्या पूर्वजांनी देवता उचलल्या आणि नदी ओलांडून अंत्रुज महालाची वाट धरली. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत मोडत होता. म्हणजे एका परधर्मी सत्तेच्या जाचातून निघालेल्या देवांना दुसऱ्या परधर्मी सत्तेच्या मुलखात आसरा मिळाला. ही गोष्ट आपण पुष्कळदा सांगावयाची विसरतो, म्हणून मी ती मुद्दाम सांगितली.

त्या पूर्वजांजवळ काय होते? सैन्य नव्हते, दरबारी वजन नव्हते, आणि गावकरीतला वाटा, शेते, भाटे, घरे ही सारी पाठीमागे राहणार होती. त्यांच्या हाती एकच गोष्ट शिल्लक होती: काय सोडावयाचे आणि काय धरून ठेवावयाचे हे ठरविणे. तेवढा अधिकार कोणत्याही फर्मानाला हिरावून घेता आला नाही. त्यांची सुटका झाली ती नदीपलीकडे पोहोचल्यावर. पण ते स्वतंत्र झाले ते अलीकडच्या तीरावर असतानाच, ज्या घटकेला त्यांनी मनाशी निश्चय केला त्या घटकेला.

येथे एक सावधगिरीचा शब्द बोलतो. जे तिकडेच राहिले ते भेकड होते, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईबाप असतील, कोणाच्या पदरी लहान मुले असतील. फातर्प्याच्या श्रीशांतादुर्गेचे मूळ स्थान कुंकळ्ळीचे. तिच्या उत्सवाला आजही ख्रिस्ती बांधव भक्तिभावाने येतात. शतके लोटली तरी जे नाते तुटले नाही, त्या नात्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपण कमी लेखू नये.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७६३ साली फोंडा महालही पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. मात्र या नव्या काबिजादीत लोकांच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, असे अभिवचन त्यांना द्यावे लागले. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झाले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना कायद्यात बरोबरीचे स्थान मिळाले. सालाझारच्या काळात १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने ते दार पुन्हा अर्धेअधिक लोटले गेले; छापखान्यातून निघणाऱ्या साध्या निमंत्रणपत्रिकेलाही सेन्सॉरचा शिक्का लागे, असे वडीलधारे सांगत. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी साडेचारशे वर्षांची ती राजवट संपली.

सुटकेची कथा अशी तारखांनी सांगता येते. स्वातंत्र्याची कथा मात्र तारखांनी सांगता येत नाही. ती माणसांनीच सांगावी लागते. म्हणून आता एका माणसाकडे वळतो.

लिसेवमध्ये शिकत असताना एका जुन्या पोर्तुगीज पुस्तकात एपिक्टेटस या तत्त्ववेत्त्याचे नाव मी प्रथम वाचले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आशिया मायनरमधील हिएरापोलिस या नगरात तो गुलाम म्हणून जन्मास आला. रोममध्ये त्याने गुलामीचे दिवस काढले. पायाने तो अधू होता. पुढे त्याला दास्यातून मोकळीक मिळाली, तो तत्त्वज्ञान शिकवू लागला; आणि डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांना हद्दपार केले तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे जाऊन शाळा घातली. त्याने स्वतः काही लिहिले नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याची प्रवचने टिपून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

त्याची शिकवण थोडक्यात अशी. जगातील गोष्टींचे दोन भाग करावे. एक भाग आपल्या स्वाधीन आहे: आपले मत, आपली इच्छा, आपला तिटकारा आणि आपण करावयाचे कृत्य. दुसरा भाग आपल्या स्वाधीन नाही: शरीर, संपत्ती, लौकिक आणि अधिकारपद. दुसऱ्या भागाची ज्याला हाव आहे किंवा धास्ती आहे, त्याने ती वस्तू ज्याच्या हाती असेल त्याला आपला धनी करून घेतले. मग तो पालखीत बसलेला असो की पालखी वाहणारा असो, तो गुलामच. हे वाचताना मला परकेपणा वाटला नाही. कर्मावर आपला अधिकार, फळावर नाही, हे गीतेचे सांगणे आपल्या कानांवरून बालपणापासून गेलेले आहे. पुढे १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट असलेल्या मार्कस ऑरेलियसने याच गुलामाचे विचार आदराने अभ्यासिले. ते आपल्याला वाचावयास मिळाले याबद्दल त्याने आपल्या खाजगी टिपणांत कृतज्ञता नोंदविली आहे.

परंतु मला आज एपिक्टेटसपेक्षा त्याच्या धन्याविषयी अधिक सांगावयाचे आहे. त्या धन्याचे नाव एपाफ्रोडिटस. तो नीरो बादशहाच्या पदरी चिटणीस होता, आणि बादशहाकडे येणारे लोकांचे अर्ज पाहणे हे त्याचे काम होते. म्हणजे एका अर्थी तो आम्हा कारकुनांचाच पूर्वज. आणि हा एपाफ्रोडिटस स्वतः पूर्वी गुलाम होता! त्याची सुटका झाली, त्याला पद मिळाले, संपत्ती मिळाली. आणि गुलामी म्हणजे काय हे ज्याला पुरतेपणी ठाऊक होते, त्या माणसाने स्वतःच्या घरी गुलाम बाळगले. त्याच्या हातची बेडी निघाली होती. बेडी घालणारा आणि बेडी वाहणारा अशा दोनच जातींची माणसे जगात असतात, ही समजूत मात्र निघाली नव्हती. मी त्याला दोष देत नाही. दोष का देत नाही, ते पुढे कळेल.

आता याच्या उलट उदाहरण आपल्याच भूमीतले घेऊ. मोहन रानडे हे सांगलीचे. १९५० नंतरच्या काळात ते मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. त्यांचा सशस्त्र मार्ग सर्वांनाच मान्य होता असे नाही. तो वाद येथे नको. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि पोर्तुगालातील तुरुंगात नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी आपण पेढे वाटले त्या दिवशी रानडे परमुलखातील तुरुंगात होते. ज्या भूमीच्या सुटकेसाठी त्यांनी आपले तारुण्य दिले ती सुटली, आणि ते सुटले नाहीत. त्यानंतरही सात वर्षांहून अधिक काळ ते कैदेतच होते. त्यांच्या मुक्ततेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्यांनी अपार खटपट केली आणि जानेवारी १९६९ मध्ये ते मोकळे झाले. लेखक आणि स्वातंत्र्यसैनिक तेलू माश्कारेन्यश यांना तर १९७० सालापर्यंत वाट पाहावी लागली.

या सात-आठ वर्षांचा विचार करा. गोव्यातील रस्त्यांवर आम्ही मोकळे हिंडत होतो. सभा भरत होत्या, निवडणुका होत होत्या, १९६७ च्या जनमत कौलात आम्ही एकमेकांविरुद्ध तावातावाने बोलत होतो. आणि हे दोघे भिंतीआड. परंतु स्वतंत्र कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना माझी जीभ अडखळते. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. त्या कोठडीत ते कैदी होते. पण त्यांचे मन कोणाचे बंदिवान नव्हते. रानडे परत आल्यावर गोव्यातच स्थायिक झाले आणि २०२० साली निवर्तले. ज्या दुःखाचे भांडवल करून जन्मभर मानपान उपभोगता आला असता, त्या दुःखाचे त्यांनी भांडवल केले नाही. सुटका उशिरा झाली, पण स्वातंत्र्य त्यांनी आधीच कमावून ठेवले होते.

आता माझ्या खणाकडे येतो. ही हकीकत मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही. देवळात उभे राहून स्वातंत्र्यावर बोलावयाचे, तर ती न सांगता बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

१९७५ साली मुंडकारांना घरातून काढून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. मुंडकार म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. आपल्यापैकी अनेकांच्या भाटांत त्यांची घरे आहेत. ज्या घरात आजा जन्मला, बाप जन्मला, त्या घराची नोंद आपल्या नावाने व्हावी, एवढीच त्या माणसांची इच्छा असे. कायद्यानंतर कितीतरी वर्षे अशा माणसांची आमच्या कचेरीत ये-जा चालू होती. त्यांतला एक वृद्ध पाडेली. माडावर चढून चढून त्याचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. खांद्यावर पंचा, हातात छत्री. त्याच्या घराची नोंद झालेली होती. त्याला फक्त त्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल हवी होती.

तो प्रथम आला त्या सकाळी माझ्या वरिष्ठांनी एका टिपणावरून चार लोकांदेखत माझा पाणउतारा केला होता. चूक माझी नव्हती. परंतु मी मान खाली घालून 'होय साहेब' म्हटले आणि जागेवर येऊन बसलो. इतक्यात हा पाडेली आला आणि मी काही बोलण्याआधीच समोरच्या खुर्चीवर टेकला. तो लांबून चालत आला होता, थकला असणार. मला मात्र त्याचे बसणे खुपले. मी अर्ज घेतला, आवक तारखेचा शिक्का मारला, आणि म्हणालो, ''सोमवारी ये.'' माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. आणि मी त्याला एकेरी बोललो. तशीच रीत होती, असे मी स्वतःला सांगत असे.

सोमवारी तो आला. मी म्हणालो, ''साहेब नाहीत.'' साहेब आत होते. तिसऱ्या खेपेस म्हणालो, ''शिक्का दुसऱ्याकडे आहे.'' शिक्का माझ्या खणात होता, त्याच्याच अर्जावर ठेवलेला. चौथ्या खेपेस त्याने काही विचारले नाही. खुर्चीवरही बसला नाही. दारापाशी छत्रीवर भार देऊन उभा राहिला. मी मान वर करून पाहिले, पुन्हा वहीत घातली. थोड्या वेळाने पाहिले तो तो निघून गेला होता. खरे सांगतो, त्या क्षणी मला समाधान वाटले. काय मिळविले होते मी? लाच मागितली नव्हती. तसला कलंक माझ्या हाताला कधी लागला नाही, आणि त्याचाच मला मोठा अभिमान होता. मला एवढेच हवे होते की, माझ्या एका शब्दावर कोणाचे तरी येणे-जाणे अवलंबून असावे.

पाचव्या खेपेस त्याचा मुलगा आला. डोक्याचे मुंडण केलेले होते. ''बापूय गेलो,'' एवढेच म्हणाला, आणि तो कागद मिळेल का म्हणून विचारले. मी खण उघडला. नक्कल बारा ओळींची होती. ती करून, ताडून, सही घेऊन, शिक्का मारून त्याच्या हाती देईपर्यंत वीस मिनिटे लागली. त्याने कागद पंच्यात गुंडाळला, हात जोडले आणि म्हणाला, ''देव बरें करूं.''

आमच्या गोव्यात आभार मानण्याची हीच रीत. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

तो गेल्यावर मी आवक-जावक बारनिशी पुढे ओढली. आवक तारीख माझ्या हातची, जावक तारीख माझ्या हातची. मधले ४३ दिवस. कोणी मला जाब विचारला नाही. तेवढा विलंब कचेरीत विलंब समजला जात नसे. कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोष होतो, आजही आहे. पण त्या ४३ दिवसांचा हिशेब मला कोठेही जमेस धरता आला नाही.

त्या रात्री मला एपाफ्रोडिटस आठवला. अर्ज पाहणारा, सुटका झालेला गुलाम. १९६१ साली माझ्या भूमीची सुटका झाली होती. मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ती कोणा परक्याची नव्हती. स्वतंत्र देशाच्या सरकारने मला दिली होती. त्या देशाने एका पाडेलीला घर देण्याचा कायदा केला होता; आणि तो कायदा आणि तो पाडेली यांच्यामध्ये मी बसलो होतो. वरिष्ठाच्या भिवईला मी भ्यालो, म्हणजे त्याला मी आपला धनी केले. मग त्या दास्याची भरपाई म्हणून मला माझ्याखाली एक दास हवा झाला. परकी सत्ता गेली तरी तिची रीत माझ्या स्वभावात शाबूत होती. वर पाहून वाकणारा माणूस खाली पाहून ताठतो, हे जगात सर्वत्र दिसते. पण ते स्वतःच्या खणात सापडले की त्याची चव निराळी लागते.

आता स्वभाव या शब्दाचा विचार करू. 'स्वभावाला औषध नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण बहुधा आळशी माणसाने काढली असावी. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे म्हणणे असे की, न्यायाची कृत्ये करीत गेल्याने माणूस न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करीत गेल्याने धैर्यवान होतो. आधी स्वभाव आणि मग कृत्य असा क्रम नाही. कृत्याच्या घडीवर घडी पडून स्वभाव तयार होतो. आपल्या संतांनी नामस्मरणाची आणि वारीची शिस्त लावून दिली ती तरी कशासाठी? पाय आधी चालू लागले की मन मागून येते, हे त्यांना ठाऊक होते.

मी दोन लहान नियम केले. कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला 'अहो' म्हणावयाचे. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा कागद, होण्यासारखा असेल तर, तो उभा असतानाच करावयाचा. ऐकावयास हे क्षुल्लक वाटेल. पहिल्या महिन्यात 'अहो' म्हणताना जीभ अडखळे, सहकारी हसत. कित्येकदा नियम मोडला. वर्ष-दोन वर्षांनी मात्र एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. वरिष्ठ रागावले तरी पूर्वीसारखे पोटात ढवळत नसे. मी खाली कोणाला दाबीत नव्हतो, म्हणून वरच्याचे दडपणही कमी झाले होते. या दोन गोष्टी एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

येथे सुखाचा प्रश्न येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक सुख आरंभी विषासारखे कडू लागते आणि परिणामी अमृत ठरते. दुसरे आरंभी अमृत आणि शेवटी विष. तिसरे केवळ झोप, आळस आणि बेपर्वाई यांतून उपजणारे. चौथ्या खेपेस तो पाडेली परत गेला तेव्हा मला वाटलेले समाधान दुसऱ्या प्रकारचे होते. त्याचे विष अजून उतरलेले नाही. आणि 'अहो' म्हणताना जीभ अडखळत असे, तेव्हा पहिल्या प्रकारच्या सुखाचे बीज पेरले जात होते. सुख मागून मिळत नाही, ते मागाहून मिळते. ते कृत्याचे व्याज आहे. मुद्दल ठेवल्यावाचून व्याजाची आशा कोणत्याच पेढीत करता येत नाही.

मंडळी, हे सारे आपल्या देवस्थानाला कसे लागू पडते, ते सांगून मी संपवितो. बोलणे थोडे कडू वाटले तर घरचा माणूस म्हणून क्षमा करावी.

महाजन हा शब्द मोठा आहे. १८८६ साली आणि नंतर १९३३ साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी नियमावली केली. तिच्यात महाजनांचे हक्क, समितीची निवडणूक आणि जमाखर्चाची तपासणी हे सारे लिहिलेले आहे. पूर्वी प्रशासक म्हणजे आदमिनिश्त्रादोर हिशेब पाही, आता मामलेदार पाहतात. पण आपल्यातील किती तंटे हिशेबावरून होतात आणि किती मानावरून? पालखीला पहिला खांदा कोणाचा, प्रसादाचा पहिला मान कोणाचा, यावरून सख्खे भाऊ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितात. ज्या पूर्वजांनी भाटे-शेते सोडून देव उचलला त्यांचे आपण वंशज. आणि आपण देव बाजूला ठेवून मान उचलतो.

आणखी एक गोष्ट. ज्या देवळांत आम्ही अन्यायापासून आसरा घेतला, त्याच देवळांत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाविणी, देवळी आणि कलावंत घराण्यांना जन्माने बांधून ठेवले. कालच्या पीडितांनी आपल्या चौकात दुसऱ्याला बांधावे, हे पुन्हा एपाफ्रोडिटसचेच वागणे. त्या समाजाने आपली सुटका स्वतःच्या हिमतीवर केली. राजाराम पैंगीणकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले आणि 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहून आम्हाला आरसा दाखविला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी गोव्याचे नाव भारतभर नेले. १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले. आम्ही आज त्यांची नावे अभिमानाने घेतो. त्या अभिमानाला थोडी लाजेची जोड असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून माझी विनंती लहान आहे. उद्या महाप्रसादाला पंगत बसेल तेव्हा वाढणाऱ्यांनी शेवटच्या पानापासून सुरुवात करून पाहावी. देवस्थानच्या कार्यालयात कोणी कुळावी, कोणी सेवेकरी, कोणी भाटातला मुंडकार कागदासाठी आला, तर त्याला बसावयास खुर्ची द्यावी आणि त्याचा कागद त्याच दिवशी करावा. मानाचा तंटा निघाला तर दोघांपैकी एकाने, कोणीही एकाने, आपला हक्क सोडून पाहावा. काय सोडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आपल्या पूर्वजांनी नदीतीरावर बजावला होता. तो आपल्याला वारशाने मिळालेला आहे; मात्र तो वापरल्याशिवाय आपल्या नावावर लागत नाही.

माझ्या खणात आता कचेरीचे कागद नाहीत. निवृत्तीच्या दिवशी तो रिकामा करून किल्ली परत दिली. ते ४३ दिवस मात्र परत देता आले नाहीत. त्या पाडेलीने स्वतःच्या घराचा कागद हातात घेऊन पाहावयाचा होता, ते राहून गेले. या सभेत कोणाच्या खणात असा एखादा कागद पडून असेल, तर त्यांनी तो उद्याच बाहेर काढावा, एवढ्यासाठी मी ही हकीकत सांगितली.

 आम्हां सर्वांना कोणाचा दास न होण्याचे बळ आणि कोणाला दास न करण्याची बुद्धी मिळो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.